कादंबरीतली घाटाखालची खाणावळ पुठ्ठ्याची वाटतेय, जरा मदत करा

घाटवळण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक अद्भुत जगातली कादंबरी लिहितोय. जग माझंच आहे. मधोमध एक मोठा घाट, नाव काळकडा. वर पठारावर धान्य पिकतं, खाली खाडीकाठी मीठ आणि सुकी मासळी, आणि दोन्हींच्या मध्ये ही एकच वाट. रात्री घाटात धुकं उतरतं. त्या धुक्यात जो बोलेल त्याचा आवाज तिथेच राहतो. सकाळी ऊन आलं की आवाज परत मिळतो, पण तोवर माणूस मुका. म्हणून दिवेलागणीनंतर कुणी घाट चढत नाही, आणि म्हणूनच पायथ्याशी एक खाणावळ आहे. जेवण आणि मुक्काम, दोन्ही. आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं मिळून ती चालवतात. गिऱ्हाईक म्हणजे मीठवाले, धान्याचे तांडे आणि उलट्या गुडघ्यांचे टपालवाले.

कादंबरीची बरीच प्रकरणं या खाणावळीत घडतात आणि तिथेच सगळं फसतंय. एका मित्राला वाचायला दिलं, तर तो म्हणाला, "सगळे येतात, पितात, भांडतात आणि वर झोपायला जातात. हे जेवण आलं कुठून? मालकाला परवडतं कसं? ती आजी दिवसभर करते काय?" माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. मी ठाण्यात फ्लॅटमध्ये वाढलोय. हॉटेल मला टेबलाच्या या बाजूनेच माहीत.

घरच्यांनी चालवलेला असा धंदा कुणी जवळून पाहिला असेल तर सांगा. पैसे कशातून सुटतात? घरचे लोक राहतात कसे? आणि ते धुकं नुसती शोभा न राहता रोजच्या कामात कसं येईल? "कल्पनाच आहे, काहीही लिही" हे उत्तर कृपया नको.

ठोकळा

कल्पनाच आहे, काहीही लिही.

(सॉरी, राहवलं नाही. वाचतोय, चालू द्या.)

उलथणं

माझं सासर आंबा घाटाखाली, साखरप्याच्या बाजूला. सासऱ्यांनी सुरू केलेली खाणावळ, मागे चार खोल्या. लग्न करून आले तेव्हा वाटलं होतं, घराला लागून हॉटेल आहे. तसं काही नाही. सगळं हॉटेलच आहे, त्यात जी जागा उरते तिथे आम्ही राहतो.

आधी तुमच्या आजीचं बघू. आमच्या सासूबाई गल्ल्यावर बसतात असं लोकांना वाटतं. त्या बसतात रस्त्याकडे तोंड करून. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आला की तिथूनच आत ओरडतात, "तांदूळ वाढव गं." ट्रक अजून वळणावर असतो. चाकं तापलेली असली की ड्रायव्हर थांबणारच, ती गार होईपर्यंत जेवणारच, आणि बरोबर क्लीनर असणारच. हे गणित त्यांच्या नाकात आहे. तुमच्या जगात ट्रक नाहीत, पण घाट उतरताना काहीतरी तापत असेल, काहीतरी घासत असेल. आजीला ते ऐकू येऊ दे. ती काही न करता बसलेली दिसली पाहिजे, आणि ती उठून गेली की स्वयंपाकघराचा घोळ झाला पाहिजे.

जेवणाचं म्हणाल, तर मध्यरात्री आलेल्या पाहुण्याला भाजलेलं हरीण मिळतं तिथे मी पुस्तक मिटते. जाळ कुणी केला? आमच्याकडे उशिरा आलेल्याला एकच उत्तर, कुळथाची पिठी आणि भात. भात शिजेपर्यंत पिठी होते. लसूण ठेचायचा, तेलात लाल करायचा, हिंग, मिरची, मग पाण्यात कालवलेलं कुळथाचं पीठ धार धरून ओतायचं आणि डाव थांबवायचा नाही, थांबलात की गुठळ्या. वर दोन आमसुलं. त्या वेळी काय हवं असं विचारायचं नसतं, ताट समोर ठेवायचं. विचारलं की लोक कोंबडी मागतात.

आणि आमटी वाढवणं ही एक कला आहे. सकाळी केलेली आमटी रात्रीपर्यंत तीच असते आणि तीच नसते. दर दोन तासांनी तिच्यात थोडं पाणी, थोडी डाळ, थोडं वाटप जातं. नवऱ्याला सकाळच्या आणि रात्रीच्या आमटीतला फरक कळत नाही. सासूबाईंना वासावरून कळतं ती कितव्यांदा वाढवली ते.

आता खोल्या. चारपैकी एक आमची, म्हणजे नावापुरती. तान्हं मूल घेऊन कुणी आलं की ती जाते, कारण तिलाच नीट कडी आहे. मग आम्ही कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी. नवराबायकोला भांडायचं असेल तरी जागा नाही. आम्ही भांडतो मागच्या अंगणात, कपडे वाळत घालताना, हळू आवाजात, एकमेकांकडे न बघता. तुमचा मुलगा आणि सून भांडणार असतील तर तिथे भांडू देत. पाहुण्यांसमोर भांडलात तर धंदा जातो आणि घरात भांडायला घरच नसतं.

मुलं अशा ठिकाणी लवकर शहाणी होतात. माझ्या धाकटीला पैसे न देता कोण सटकणार ते आमच्या आधी कळतं. कसं कळतं विचारलं तर म्हणते, "तो चपला पूर्ण काढत नाही." बहुतेक वेळा बरोबर निघतं.

उधारीच्या वहीत माणसांची नावं नसतात, गाडीचे शेवटचे चार आकडे असतात. ड्रायव्हर बदलला तरी उधारी गाडीवरच. यावरून दर महिन्याला एकदा तरी वाद. नवा ड्रायव्हर म्हणतो, मी नाही खाल्लं. सासरे म्हणतात, गाडीने खाल्लं.

सगळ्यात जास्त काही शिकायला मिळालं असेल तर दरड आली तेव्हा. एका पावसाळ्यात वर घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद. एसटी, ट्रक, खाजगी गाड्या, सगळे आमच्या दारात. पहिल्या रात्री सगळे गिऱ्हाइकासारखे वागले. मीठ कमी आहे, पंखा लागत नाही, बिल बघू. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दूध संपलं, आणि लहान मुलांसाठी राखून ठेवलेलं दूध एकाने चहाला मागितलं तेव्हा एसटीतल्या एका आजीबाईंनीच त्याला झापलं. मला बोलावं लागलं नाही. संध्याकाळी बायका आपणहून बटाटे सोलायला बसल्या. एक ट्रकवाला रताळी घेऊन चालला होता, त्याने दोन गोणी उतरवल्या. त्याचं बिल करायचं की त्याचे पैसे द्यायचे यावर सासरे आणि तो रात्रभर एकमेकांना "राहू द्या हो" म्हणत होते. कमी काय पडलं सांगू? तांदूळ नाही. कोरडं काहीच उरलं नाही. कोरडं लाकूड, कोरडी चादर, कोरडा टॉवेल. माणसं अन्नावाचून कुरकुरतात, पण ओल्या अंथरुणावर भांडतात.

शेवटचं, संडास. आजवर वाचलेल्या एकाही अद्भुत कथेतल्या सराईत मला संडास दिसला नाही. चाळीस माणसं रात्री जेवतात, सकाळी कुठे जातात?

जुनीवाट

वरचा प्रतिसाद आवडला. मी थोडी जुनी भर घालतो.

आपल्याकडे पैसे देऊन जेवण आणि खोली मिळणं सर्रास नव्हतं. दख्खनेत वाटसरू देवळात किंवा गावच्या चावडीत उतरायचा, वाण्याकडून शिधा घ्यायचा आणि तीन दगड मांडून स्वतः शिजवायचा. अंथरूण स्वतःचं. अहिल्याबाईंनी बांधलेल्या धर्मशाळांमध्येही छप्पर आणि पाणी हे मुख्य. त्यामुळे तुमच्या खाणावळीत निम्मे लोक ताट न मागता लाकूड, भांडं आणि चुलीची जागा मागतील. यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, तो टाळू नका: तुमच्या जगात कोण कुणाच्या हातचं खातं? मीठवाला पठारवाल्यांच्या पंगतीला बसतो का? शेरशहाचा इतिहास लिहिणाऱ्या अब्बास खान सरवानीने त्याच्या सरायांचं जे वर्णन केलंय त्यात दर दोन कोसांवर सराय, हिंदू आणि मुसलमानांना वेगळ्या खोल्या, आणि हिंदूंचं पाणी तापवायला, स्वयंपाकाला ब्राह्मण नेमलेले, असं येतं. म्हणजे सम्राटालाही या प्रश्नाला वळसा घालता आला नाही.

घरच्यांनी चालवण्याबद्दल: मोगल काळातल्या सरायांमध्ये भटियारे म्हणून कुटुंबं राहत. बायका जेवण रांधायच्या, खाटा द्यायच्या, जनावरांचं दाणापाणी बघायच्या. इमारत बादशहाची किंवा कुणा अमिराची, धंदा या घरांचा. तुमची खाणावळ कुणाच्या मालकीच्या जागेवर आहे? घाटाचा कर कोण घेतं? नाणेघाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण आहे ना, जकातीचा म्हणून सांगतात तो. जिथे घाट तिथे जकात, आणि जिथे जकात तिथे ताटकळणारी माणसं. जकातवाला सकाळी उशिरा उठला तर खाणावळीचा फायदा. तो आजीचा भाचा असू शकतो.

कायद्याचं बघायचं असेल तर १८६७चा सराय कायदा वाचा, लेखकासाठी खजिना आहे. सराय चालवणाऱ्याने काय काय करायचं: साथीच्या रोगाने कुणी आजारी पडलं किंवा मेलं तर लगेच कळवायचं, पहारेकरी ठेवायचे, दरपत्रक लावायचं, आणि चोराला आत-बाहेर करायला उपयोगी पडतील अशी झाडं आणि फांद्या तोडायच्या. ही फांद्यांची अट लिहिणाऱ्याला एखादा खरा चोर आठवत असणार. इंग्लंडात तर १५८४च्या एका खटल्यापासून नियम पक्का झाला की सराईत उतरलेल्याचा माल चोरीला गेला तर मालकाने भरायचा. तुमच्या कथेत चोरी आहे का? असेल तर नायकाआधी आजीची झोप उडाली पाहिजे.

आणि पिढ्यांचं म्हणाल तर जपानात अवाझूला होशी नावाची सराई आहे, ७१८ सालची म्हणतात, एकाच घराण्याकडे, शेहेचाळीस पिढ्या. तिथला प्रत्येक वारस गादीवर आला की झेंगोरो हेच नाव घेतो. स्वतःचं नाव सोडून द्यायचं. तुमच्या नातवाला हे सांगून बघा, काय म्हणतो ते.

ठोकळा

जुनीवाट, सगळं मस्त. पण वाचकाला दरपत्रक आणि संडास हवाय का? मला तरी उलट्या गुडघ्यांचे टपालवाले हवेत.

उलथणं

उलट्या गुडघ्यांचा माणूस भारतीय बैठकीला कसा बसेल? त्याला उंच पाट लागेल. तो पाट एकच असेल. दोन टपालवाले एकदम आले तर? घ्या, झाली गोष्ट.

चाकोरी

मी शेतकरी माणूस, कादंबऱ्या फार वाचत नाही, मुलाने हा धागा दाखवला. सगळे माणसांच्या जेवणावर बोलताहेत. पैसा जनावरात आहे.

तांडा बैलांचा असेल तर एका बैलाला दिवसाला सहा-सात किलो कडबा धरा, वर पेंड, आणि तीस-चाळीस लिटर पाणी. उन्हाळ्यात त्याहून जास्त. दहा गाड्या म्हणजे वीस बैल. आता विहिरीवर कोण उभं राहणार ते ठरवा. शिवाय बैलाला नुसतं खाऊ घालून चालत नाही, त्याला बसून रवंथ करायला वेळ लागतो. घोडा उभ्या उभ्या चरून निघतो, बैल नाही निघत. म्हणजे बैलवाला मुक्काम करणारच. भरलेली गाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे जात नाही, त्या हिशेबाने तुमची पुढची खाणावळ कुठे आहे ते नकाशावर टाका.

दुसरं, पत्री, म्हणजे बैलाच्या खुराला ठोकायचा लोखंडी नाल. बैलाचा खूर फाटलेला असतो, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. मारताना बैल दोरीने पाडावा लागतो, चार माणसं लागतात, आणि ज्याला पाडता येत नाही तो बैल मोडून ठेवतो. तुमचा आजीचा मुलगा जेवण वाढत फिरत असेल तर त्याला गोठ्यात पाठवा. तो नालबंद असला पाहिजे. गाडीच्या चाकाची धाव, म्हणजे वरची लोखंडी पट्टी, सैल होते, उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, ते चाक रात्रभर पाण्यात टाकून ठेवतात. ते पाणी कुणाचं, त्याचे पैसे किती? वंगण संपलेलं असतं. हे सगळं घाटाखाली विकलं जातं, कारण वर चढायच्या आधी प्रत्येकाला भीती वाटते.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, घाट चढायला जोड. भरलेली गाडी दोन बैलांना चढ ओढवत नाही. पायथ्याशी जास्तीची जोडी भाड्याने घ्यायची, माथ्यावर सोडायची, ती परत खाली येते. आगगाडीचं आजही तेच. कर्जतला आणि कसाऱ्याला मागून इंजिन लावतात, ते गाडीला घाटावर ढकलून परत येतं. तुमच्या खाणावळीकडे चार चांगल्या घाटबैलजोड्या असतील तर जेवण फुकट वाढलं तरी धंदा चालेल. जेवण हे जोडी विकायचं निमित्त.

आणि ती माथ्यावरून जोडी परत आणायला कोण जातं? लहान पोर जातं. बैलांना वाट माहीत असते, पोर नुसतं मागून चालतं. संध्याकाळ झाली आणि धुकं उतरलं तर ते पोर बैलांना हाकारणार कसं? बोललं की आवाज गेला.

घाटवळण

चाकोरीकाका, तुमच्या शेवटच्या दोन ओळींनी माझं अख्खं तिसरं प्रकरण उडवलंय आणि मी खूश आहे. नात बैल घेऊन खाली येतेय, धुकं उतरलंय, ती तोंड मिटून आहे आणि एक बैल वाट सोडतो. हे प्रकरण आता लिहायलाच हवं.

मालकीचं ठरलं: जमीन पठारावरच्या देवस्थानची, खाणावळ दर वर्षी तिथे मीठ पोचवते. जकातवाला आजीचा भाचाच. पाट एकच. मीठवाले ओसरीवर स्वतः शिजवतात आणि आमटी मात्र आत येऊन वाडग्यात मागून नेतात, ते कुणी बघितलेलं नसतं असं सगळे धरून चालतात.

उलथणंताई, दोन गोष्टी अडल्यात. एक, मुके पाहुणे. धुक्यात बोलून आलेल्या माणसाचा हिशेब कसा करायचा? दोन, कथानकात सून ठरवते की धाकटीला खाणावळीत अडकवायचं नाही, पठारावर शिकायला पाठवायचं. आजी अडवते. मोठा प्रसंग आहे, रात्री चुलीपुढे दोघींची बोलाचाली. खोटं वाटेल का?

उलथणं

मुक्यांचं सोपं आहे. आमच्याकडे भाषा न कळणारे ड्रायव्हर येतातच, पंजाबचे, तमिळनाडूचे. ताट उलटं ठेवलं की झालं, वाटी उलटी की आमटी नको, पेला आडवा की पाणी. कुणी शिकवलेलं नाही, आपोआप जमलेलं आहे. तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुके येत असतील तर याहून पुढे गेलेलं असणार. हिशेब मात्र आगाऊ घ्या. मुका माणूस घासाघीस करू शकत नाही, म्हणून त्याला लुबाडणं फार सोपं, आणि म्हणूनच आजीचा त्याबाबत कडक नियम असणार: मुक्याला दर ठरलेला, एक पैसा वर नाही. कारण सकाळी त्याचा आवाज परत येतो आणि तो पुढच्या बाजारात जाऊन सगळ्यांना सांगतो. मुलगा एखाद्या वेळी हा नियम मोडेल. बघा जमतंय का.

एक लबाडीही सुचली. काही लोक मुके नसतात, नुसते मुके असल्याचं दाखवतात, ठरलेल्या दरासाठी. त्यांना कसं ओळखायचं ते धाकटीला विचारा.

दुसरं. चुलीपुढे बोलाचाली होणार नाही. चुलीपुढे वेळ कुणाला असतो? आणि आजी अडवणारही नाही. ती म्हणेल, जाऊ दे की, पोर हुशार आहे. दोन महिने सगळ्या गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगेल. मग निघायच्या दिवशी पहाटे धान्याचा तांडा येईल आणि आजी म्हणेल, "एवढी पंगत वाढून जा, पुढच्या तांड्याबरोबर निघ." त्यात ती खोटं बोलत नसेल. तांडा खरंच आलेला असेल, माणसं खरंच कमी असतील. सून पदर खोचून स्वतः वाढायला उभी राहील तरच पोर जाईल, आणि मग दिवसभर आजी सुनेला प्रत्येक ताटात काय राहिलं ते दाखवत बसेल. आमच्याकडे माझ्या नणंदेचं असंच झालं होतं. ती शेवटी गेली, पण हात पुसायलाही थांबली नाही.

घाटबैलांचं चाकोरीकाकांनी सांगितलं ते अगदी खरं. आमच्याकडेही जेवणापेक्षा पंक्चर आणि रेडिएटरचं पाणी यावर जास्त सुटतं, फक्त ते सासरे कुणाला सांगत नाहीत.

बैलाचं प्रकरण झालं की इथेच टाका, वाचते. उत्तर उशिरा आलं तर समजून घ्या, सध्या लग्नसराई आहे, वऱ्हाडाच्या गाड्या रात्री दोन दोन वाजेपर्यंत येताहेत.